बिनगाठीची मोळी

शनिवार, १७ सप्टेंबर १९५५, भोसरी

जानेवारीत औषधांच्या कारखान्यातल्या आम्हा सगळ्या फिटरांना एकेक डायरी मिळाली होती. माझी आजवर कोरीच पडून होती. आज लिहायला कारण झालं. मला क्वार्टर मंजूर झालं. पिंपरीला, कारखान्याच्या कुंपणालगत, दोन खोल्या, नळ आत, विजेचे दिवे. तीस नोव्हेंबरच्या आत किल्ली घेऊन राहायला गेलं पाहिजे, नाहीतर पुढच्या माणसाला मिळेल.

घरी येऊन सांगितलं तेव्हा ही भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

माझं काय म्हणणं असणार? नळाचं पाणी कुणाला नको असतं? पण मी काय समजायचं ते समजलो. हिला इथून हलायचं नाही. आमची इंद्रायणी गेल्या श्रावणात याच खोलीत गेली. सहा वर्षांची होती. न्यूमोनिया झाला. इंजेक्शन पुण्याहून यायचं होतं. असो. आईचं काळीज आहे, जागा सुटणार कशी?

इंद्रा झाल्यापासून मी हिला "इंद्राची आई" अशीच हाक मारत आलो. आता काय म्हणावं ही पंचाईतच आहे. "ऐकलंस का" वर भागवतो. यशोदा हे नाव कागदावर उतरतं, तोंडातून काही निघत नाही.

दुसरी गोष्ट. संध्याकाळी सायकल आत घेताना दाराच्या चौकटीवर एक मोळी दिसली. लाकडाची मोळी, पण बोटाच्या दोन पेरांएवढी. बाभळीच्या बारीक काड्या, बहुतेक एका मापाच्या, उभ्या लावून घट्ट आवळलेल्या. इंद्रा भातुकलीच्या चुलीसाठी अशाच मोळ्या करायची. काडी माझ्या पान्याच्या दांड्याशी मापून मोडायची, आणि तिच्या रिबिनीचा दोरा काढून बांधायची. एकावर एक इतक्या गाठी मारायची की मी म्हणायचो, अगं, लाकूड पळून जाणार आहे का? या मोळीला गाठ कुठं दिसली नाही. आत दडवली असेल.

कुणी ठेवली कळेना. मी ती कोनाड्यात ठेवून दिली. तिथं इंद्राची भातुकली अजून मांडलेली आहे. मातीची चूल, बोळकी, दगडी जातं. ही ते आवरत नाही आणि मीही म्हणत नाही. बाईमाणसाचं मन आपण जपावं.

बुधवार, २१ सप्टेंबर

मोळी चुलीपाशी ठेवली होती. आज सकाळी कोनाड्याच्या वरच्या कडेला उलटी लटकत होती.

हिला विचारलं, "तू हलवलीस?"

"मी हात नाही लावला."

चेहऱ्यावर काही नाही. पण कोनाड्यात बाभळीची हिरवी डहाळी पडली होती, ती काही आपल्या पायांनी चालत आली नाही. ती हिनंच आणली असणार. भातुकलीत भाजी म्हणून ठेवली असेल, दुसरं काय? मला ही लक्षणं बरी दिसत नाहीत. कारखान्यात जाताना "येतो गं इंद्रे" म्हणून निघालो. ती माझी जुनी सवय आहे, त्यात काही अर्थ नाही.

रविवार, २५ सप्टेंबर

आज सरळ विषय काढला. म्हटलं, "क्वार्टरचं काय करायचं?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा जाऊ."

बघा. सरळ नाही म्हणत नाही. "तुम्ही म्हणाल तेव्हा" म्हणजे मी म्हणू नये, एवढंच. मी म्हटलं, घाई नाही, नोव्हेंबर लांब आहे. तिनं मान खाली घालून तांदूळ निवडायला घेतले.

दुपारी परसात आमच्या घरमालकीण मंजुळाबाई हिच्याशी बोलत होत्या. मी आत आडवा झालो होतो, पण शब्द कानावर आले. "जपून ऱ्हा गं बाई. असंच चाललं तर येड लागंल मानसाला." म्हणजे हिचं हे गल्लीतल्या बायकांच्याही लक्षात आलं आहे. मला फार वाईट वाटलं.

रविवार, २ ऑक्टोबर

खोटं कशाला लिहू? आज मी घाबरलो.

सकाळी ऊन चांगलं वर आलं होतं. ही विहिरीवर गेली होती. परसातल्या भिंतीवर दुसरी एक मोळी दिसली, पहिलीपेक्षा थोडी लहान. मी सायकलची चेन पुसत होतो. पुन्हा वर पाहिलं तर मोळी वीतभर वर सरकलेली. मला वाटलं उन्हानं डोळे दिपले. चिंधी खाली टाकून उकिडवा बसलो आणि नजर लावली. मोळी हलली. पुढं गेली, थांबली, ओझं सावरल्यासारखी डुलली, पुन्हा पुढं गेली. इंद्रा डोक्यावर काड्या घेऊन अंगणभर हिंडायची तेव्हा अशीच दर दोन पावलांवर थांबायची.

मी फिटर माणूस आहे. नळीला कान लावून गळती कुठे आहे ते सांगतो. वाफेच्या नाही तर पाण्याच्या जोराशिवाय कुठलीही वस्तू हलत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण मी "इंद्रे" म्हणून हाक मारली, हेही खरं आहे.

तेवढ्यात ही घागर घेऊन आली. मी भिंतीकडे बोट केलं. तिनं पाहिलं, नुसतं "हं" म्हणाली आणि घागर आत घेऊन गेली. जराही दचकली नाही. तेव्हा माझी खात्री पटली. पोरच हे करते असं हिनं मनाशी धरून ठेवलंय, आणि ती त्यातच सुखी आहे. मग ही क्वार्टरात कशाला येईल?

गुरुवार, ६ ऑक्टोबर

बाटल्या भरण्याच्या खात्यात वाफेची नळी गळत होती. मी बबनरावला पाठवलं. त्या खात्यात औषधाच्या पावडरीचा वास असतो, माझं डोकं उठतं. बबनराव माझ्या बरोबरीचा फिटर, भला माणूस. दर वेळी तोच जातो, कधी का म्हणून विचारत नाही.

आज मात्र डबा खाताना म्हणाला, "ज्योतीराम, तुला क्वार्टर नको असेल तर मोकळेपणानं सांग राव. तुझ्यामागं माझाच नंबर आहे. आमची चार पोरं एका खोलीत झोपतात."

मी म्हटलं, "मला हवंय रे. घरातून अडलंय."

रविवार, ९ ऑक्टोबर

सोक्षमोक्ष लावायचा ठरवला. इंद्राच्या लाल रिबिनीचा तुकडा ट्रंकेत होता. त्याचे दोरे उसवून बारीक कापले आणि कोनाड्यात मोळीजवळ पसरले. तिला लाल दोऱ्याची फार हौस. पाहू काय होतं ते. हे सगळं मी हिच्यासाठी करतोय. काही झालं नाही म्हणजे हिची समजूत आपोआप उतरेल.

बाजारातून रेवड्या आणल्या होत्या, त्यातल्या दोन बोळक्यात ठेवल्या. उगाच उरल्या होत्या म्हणून.

रविवार, १६ ऑक्टोबर

मोळीच्या वरच्या टोकाला लाल दोरा आहे.

एक नाही, तीन दोरे. काड्यांवर आडवे बसवलेले, नीट दाबून. मी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. दोरे मी कोनाड्यात ठेवले होते, मोळीवर ठेवले नव्हते. हिच्या हाताला इतकं बारीक काम होत नाही, सुईत दोरासुद्धा मीच ओवून देतो.

दिवसभर घराबाहेर पडलो नाही. कोनाड्यासमोर पाट मांडून बसलो. ही दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा ताट तिथंच आणून दिलं, आणि माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "काय विचार करताय?"

मी म्हटलं, "कसला विचार? काही नाही."

ती म्हणाली, "मला सांगा ना." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मनात म्हटलं, हिचं दुखणं वाढत चाललंय. तिला धीर द्यायला हवा. मी पाठीवर हात ठेवला तर तिनंच माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि बराच वेळ सोडला नाही.

सोमवार, १७ ऑक्टोबर

दाराला कुलूप लावू नकोस असं हिला बजावलं. बाहेर जाताना दार नुसतं ओढून घ्यायचं. का म्हणून तिनं विचारलं नाही.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

दसरा होऊन गेला. हिनं माळ्यावरची पितळी भांडी काढली, घासली, आणि पुन्हा माळ्यावर न चढवता पोत्यात भरून तोंड शिवून टाकलं. मी विचारलं तर म्हणाली, "आवराआवर." दिवाळी तोंडावर आहे, बायकांची साफसफाई चालायचीच.

रात्री जेवताना तिनं एकदम विषय काढला. "ती मोळी एकदा तुमच्या कारखान्यात कुणाला दाखवा ना. शिकली-सवरलेली माणसं आहेत तिथं."

हिला आता साक्षीदार पाहिजे. पोरच येते म्हणून बाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय. मी म्हटलं, बघू. तिनं उठून रिकामी मुरंब्याची बरणी धुऊन पुसून माझ्यासमोर ठेवली. झाकणाला खिळ्यानं भोकं आधीच पाडलेली होती.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

सगळं लिहितो.

बरणी पिशवीत घालून नेली. प्रयोगशाळेत अर्जुनराव म्हणून आहेत, शेतकी कॉलेजात शिकलेले, स्वभावानं गरीब. मधल्या सुट्टीत त्यांच्यापुढं बरणी ठेवली आणि म्हटलं, "हे घरी सापडलं. काय आहे?"

त्यांनी बरणी उजेडाकडे धरली आणि हसले. "वा, बऱ्याच दिवसांनी दिसली. अळी आहे ही, ज्योतीराम. पतंगाची अळी."

मी म्हटलं, "ही मोळी आहे."

"मोळी तिनं बांधलेली. आत ती राहते." त्यांनी बरणीत बाभळीचा ताजा पाला टाकला आणि मला भिंग दिलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग मोळीच्या वरच्या तोंडातून एक डोकं बाहेर आलं, तपकिरी, ठिपके ठिपके असलेलं. मागून सहा पाय. पानाची कड धरून खायला लागलं. अर्जुनरावांनी टेबलावर बोट आपटलं तसं ते सर्रकन आत गेलं आणि मोळीचं तोंड मिटलं.

ते सांगत होते, मी ऐकत होतो. तोंडातून रेशीम काढते. त्याची पिशवी विणते. बाहेरून काड्या दातांनी कापून चिकटवते, म्हणजे पाखरांना वाळकी काडी वाटावी. वाढेल तसं घर वाढवते, आणि कुठंही गेली तरी घर ओढत नेते. चावत नाही, डसत नाही, विष नाही. माणसाला काडीचा त्रास नाही.

मी विचारलं, "आणि हा लाल दोरा?"

"जवळ सापडेल ते लावते. कुणीतरी दोरा ठेवला असेल."

कुणीतरी. मी मान डोलावली.

निघताना ते आणखी एक बोलले. नर असला तर पंख फुटून उडून जातो. मादीला पंखच येत नाहीत. ती त्या घरातच राहते, त्यातच अंडी घालते, त्यातच संपते. बाहेर म्हणून येत नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. उलगडा झाला, भुताखेताचा प्रश्न मिटला, हिची समजूत काढायला पुरावा मिळाला. पण मला राग आला. अर्जुनरावांचा, त्या भिंगाचा, त्या ठिपक्याठिपक्यांच्या डोक्याचा. घरी येताना सायकलवर बसवेना, हातात धरून चालत आलो. पोर दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं, असं कुणाला वाटलं तर मी त्याला हसणार नाही.

ही दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "त्यांना वेळ नव्हता."

तिचा चेहरा उतरला. मी बरोबरच केलं. खरं सांगितलं असतं तर ही कोसळली असती. मोळी काढून परत कोनाड्यात ठेवली.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

अळी आहे हे मला आता ठाऊक आहे. सकाळी निघताना "येतो गं" म्हणतो ते सवयीनं. संध्याकाळी आल्यावर आधी कोनाडा पाहतो ते ती पडली-बिडली नाही ना म्हणून. मुका जीव आहे. डहाळी रोज ताजी असते. ही बिचारी कुणाला जेवायला घालतेय हे तिला कसं सांगू?

शनिवार, १९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आम्ही केली नाही, पण मंजुळाबाईंनी फराळाचं ताट पाठवलं.

मोळी आता हलत नाही. कोनाड्याच्या वरच्या कडेला तिनं स्वतःला पांढऱ्या रेशमानं पक्कं चिकटवून घेतलंय. पाला खात नाही, डहाळी वाळून गेली. अर्जुनराव म्हणाले, आता आत तिचं रूप बदलतंय, नर असला तर काही दिवसांनी निघेल. मी विचारलं, मादी असली तर? ते म्हणाले, सांगितलं ना तुम्हाला.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

मुंबईत गोळीबार झाला म्हणून कारखान्यात सगळे पेपरभोवती जमले होते. माझं लक्ष लागेना. ऑफिसातून निरोप आला, तीस तारखेपर्यंत किल्ली न्या. बबनरावनं पान्याची पेटी दोनदा उघडून मिटली. मी त्याला म्हटलं, रविवारी नक्की सांगतो.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

चेन तुटली म्हणून युनूसच्या दुकानात गेलो. हा सायकली दुरुस्त करतो, त्याचा भाऊ चाकणहून कांद्याचा ट्रक चालवतो. युनूस म्हणाला, "भाभी पूछ रही थीं, ट्रक मोकळा कधी असतो. बुधवारी सकाळी रिकामा येतो परत, तेव्हा सामान टाकू."

मी म्हटलं, "कसलं सामान?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून चेन जोडायला लागला. मला काही समजलं नाही. हिला माझ्यासाठी तयारी दाखवायची असेल. वेळ आली की हिचाच पाय निघणार नाही, मी ओळखतो हिला.

रविवार, २७ नोव्हेंबर

आज सांगून टाकायचं ठरवलं होतं. दुपारचं जेवण झालं. ही पडवीत बाभळीच्या कुंपणाकडे तोंड करून बसली होती. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, "ऐकलंस का? मन घट्ट कर. ती कोनाड्यातली मोळी आहे ना, ती इंद्राची नाही. ती एक अळी आहे. पतंगाची."

ती म्हणाली, "ठाऊक आहे मला."

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मंजुळाबाईंच्या शेळ्यांसाठी बाभळीचा पाला तोडतात, त्यात रोज दोन-चार निघतात. तिथं बघा." तिनं बोट केलं. कुंपणावर चार-पाच लटकत होत्या. मी त्या कुंपणाशेजारी वर्षानुवर्षं सायकल लावतो.

"मग डहाळी?"

"नाहीतर काय करू? तुम्ही आणून कोनाड्यात ठेवलीत. तिथं पाला कुठला? मेली असती उपाशी. आणि ती मेलेली तुम्हाला सापडली असती तर? दोनदा कसं सोसलं असतंत तुम्ही?"

मी म्हटलं, "मी? अगं, मी तर तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी रेवड्या ठेवत होतात? माझ्यासाठी दार उघडं ठेवत होतात?" आवाज चढवला नाही तिनं. "मी तिची आई आहे. ती नाही हे मला रोज सकाळी कळतं, चूल पेटवताना कळतं, वेणी घालायला कुणी समोर बसत नाही तेव्हा कळतं. मला मोळीनं फसवता येत नाही. तुमचं मला कळत होतं, पण कसं बोलू? म्हणून म्हटलं, बाहेरचं कुणी शहाणं माणूस सांगेल, त्याचं तरी ऐकाल. तर तुम्ही म्हणालात, त्यांना वेळ नव्हता."

मला फार राग आला. मी म्हटलं, "मग क्वार्टर का अडवून धरलंस?"

"मी अडवलं? पोती दसऱ्यालाच बांधलीत मी." मग ती म्हणाली, "तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाटल्या भरायचं खातं दिसतं. बबनरावांची बायको बघून आली, ती सांगत होती. तुम्ही त्या खात्यात पाऊल टाकत नाही, हेही तिनंच सांगितलं. रोज गाड्या भरभरून तीच इंजेक्शनं निघणार, आणि आपण खिडकीत. तुम्हाला ते बघायचं नाही. माझ्यावर कशाला ढकलता?"

मी सायकल काढली आणि निघालो. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. दिघीच्या रस्त्यानं बराच पुढं गेलो. मग एका वडाखाली बसलो आणि रडलो. पोर गेली तेव्हा रडलो नव्हतो. बायका रडत होत्या, कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हिनं विचारलं, "जेवायला वाढू?" मी म्हटलं, "वाढ. आणि बुधवारचा ट्रक ठरव."

बुधवार, ३० नोव्हेंबर, पिंपरी

सामान आलं. पोत्यांना, अंथरुणांना, ट्रंकेला, सगळ्याला कांद्याचा वास येतोय. युनूसचा भाऊ हात लावू लागला म्हणून लवकर आटोपलं. बबनराव बायकोला घेऊन मदतीला आला होता. तो तोंड भरून हसला, पण क्वार्टर हुकलेली त्याची बायको हसली नाही, आणि त्यात तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

भोसरीच्या खोलीतून भातुकली हिनं काढली. मी बाहेर उभा होतो. मोळी मात्र रेशमानं चिकटलेली होती, ओढली असती तर फाटली असती. मंजुळाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ. आमी तेवढा कोनाडा सोडून चुना लावू. निघून गेली का मग बघू." मादी असली तर तो कोनाडा तसाच राहणार. हे मी त्यांना सांगितलं नाही. निघताना कोनाड्याकडे पाहून "येतो" म्हणणार होतो, पण म्हटलं नाही. दार ओढून घेतलं, कडी लावली.

इथे कोनाडे नाहीत, सिमेंटच्या फळ्या आहेत. संध्याकाळी ही फळीवर बोळकी मांडत होती. मी खिडकीकडे पाठ करून बसलो होतो. खिडकी मीच आल्याआल्या लावून घेतली होती.

मातीची चूल उचलताना तिच्यातून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. हिनं चूल हळूच उलटी केली आणि तळहात माझ्यापुढं धरला. मोळी होती. सहा-सात काड्या, एक लांब, एक आखूड, एक तर अर्ध्यात मोडलेली. मधोमध लाल दोरा, आणि त्यावर गाठी, एकावर एक, दाण्याएवढा गोळा झालेला.

ही म्हणाली, "ही तिची. गाठ आहे बघा. त्या अळीला गाठ कुठली मारता यायला."

इतके दिवस ती चुलीत होती. मी रोज त्या कोनाड्यासमोर बसत होतो, रेवड्या ठेवत होतो, आणि चूल उचलून बघितली नाही. मी गाठीवरून अंगठा फिरवला. पहिल्या मोळीला गाठ नाही हे मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलंय, मागचं पान उघडून वाचलं.

खोलीत अंधार झाला होता. हिनं उठून खिडकी उघडली. समोर बाटल्यांच्या खात्यात दिवे लागले होते, एक गाडी भरून फाटकातून बाहेर पडत होती. मी बघितलं. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. कुणाच्या तरी घरी वेळेवर पोचेल.

ही सवयीनं कंदील शोधायला आतल्या खोलीत गेली. पोती हलवल्याचा आवाज येत होता. मी हाक मारली, "इंद्राची आई, कंदील नको आता. बटण आहे भिंतीला."

आतला आवाज थांबला. मग तिनं "ओ" दिली.